कालव्याकाठचे जंत, समुद्रातली कासवं
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. माझं काम तुम्हाला माहीत आहे. कोकणात, समुद्रकाठच्या एका तालुक्यात मी सरकारी जनावरांची डॉक्टर आहे. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्री. पण आपल्या ग्रुपवर मी मागं एका कासवाचा फोटो टाकला तेव्हापासून ज्याला त्याला कासवाचंच विचारायचं आहे, म्हणून आज कासवांवर बोलते. त्यातही कासवांच्या जंतांवर. जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली आहे हे मला दिसतंय. इलाज नाही, मला हाच विषय येतो.

आपण माळशिरसची माणसं. आपल्याला कासव माहीत ते देवळात नंदीच्या पुढचं दगडी, आणि विहिरीतलं. समुद्रातलं कासव वेगळंच जनावर आहे. त्याला डोकं आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. पायांना बोटं दिसत नाहीत, वल्ह्यांसारखे चपटे असतात. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं. पूर्ण वाढलेली मादी चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या पोसलेल्या बोकडाएवढी. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी घालते आणि मागं वळूनही न बघता परत जाते. ही अंडी पूर्वी सर्रास खणून खाल्ली जायची. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. ही कासवं कुठल्या एका किनाऱ्याची नसतात. ओडिशात २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. सगळा दक्षिण भारत वळसा घालून आलेली.

घरट्यांविषयी पुष्कळ छापून येतं. माझं काम त्याच्या दुसऱ्या बाजूला असतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की आजारी, जखमी कासवं किनाऱ्याला लागतात. कुणाचा पाय नायलॉनच्या जाळ्यात अडकून हाडापर्यंत कापलेला, कुणाच्या कवचाला तडा, कुणी नुसतंच खंगलेलं. उत्तरेला डहाणूला वन विभागाच्या साथीनं कासवांवर उपचार करणारं केंद्र बरीच वर्षं चालू आहे, तिथल्या डॉ. दिनेश विन्हेरकरांचं नाव या कामात सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी किनाऱ्यावर वन खात्याचा फोन जवळच्या जनावरांच्या डॉक्टरला येतो. आमच्याकडे तो मला येतो. वर्षाला फार तर आठ-दहा वेळा.

आता जंत. नववीच्या वर्गात भिंतीवर प्राण्यांच्या वर्गीकरणाचा तक्ता होता, त्यात चपट्या कृमींच्या रकान्यात पानासारखं एक चित्र होतं. पर्णकृमी. सरांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून बाटली काढून खरा दाखवला होता, मेंढीच्या काळजातला. आपल्यातल्या निम्म्या पोरांनी तो घरी आधीच पाहिलेला होता, बाटलीशिवाय. कारण आपण नीरा उजव्या कालव्याच्या काठचे. कालवा आला, ऊस आला, पाझराची डबकी आली, डबक्यात गोगलगाई आल्या. पर्णकृमीचं अंडं मेंढीच्या लेंडीतून पाण्यात पडतं, त्यातून निघालेला जीव गोगलगाईत शिरतो, तिथं वाढतो, एकाचे अनेक होतात, बाहेर पडून गवताच्या पात्याला चिकटतात, आणि ते गवत मेंढी खाते. गोगलगाय नाही तर पर्णकृमी नाही. मेंढी खंगते, डोळ्याची आतली कड पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण करतात, रोगराई जावी म्हणून. त्यामागची काळजी किती जुनी आहे ते मेंढपाळाच्या घरी वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

समुद्रातल्या कासवात याच पर्णकृमीचे भाऊबंद असतात. फरक एवढाच की ते काळजात राहत नाहीत, रक्तात राहतात. हृदयाच्या कप्प्यांत आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत, काही मिलिमीटर लांबीचे. त्यांच्यातल्या ज्यांचा प्रवास शास्त्रज्ञांना सापडला आहे तोही शंखवर्गातल्या प्राण्यातूनच जातो. कासवाला खरा त्रास मोठ्या कृमीपेक्षा त्याच्या अंड्यांचा. ती रक्ताबरोबर वाहत जाऊन आतड्यात, फुप्फुसात, मेंदूतसुद्धा अडकतात, आणि जिथं अडकतील तिथं गाठी धरतात. हिरव्या कासवांत हे फार. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला लागलेली हिरवी कासवं तपासली तेव्हा बहुतेकांत हे कृमी निघाले होते.

रक्तात राहणारे कृमी माणसालाही होतात. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना आहेत. भारतात हा आजार जवळपास नाहीच, पण १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी एका गावात त्याचे रुग्ण असल्याचं प्रसिद्ध केलं. ते गाव आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. लघवीतून रक्त जायचं लोकांच्या. तिथंही गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगाईवर संशय गेला. माणसाला या आजारावर जी गोळी देतात, प्राझिक्वांटेल, तीच आज कासवाला देतात, आणि कुत्र्याच्या पट्टकृमीला तुमच्या घरीही तीच दिली जाते.

एका कासवाची हकिकत सांगते, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल.

जुलै महिना होता. ऑलिव्ह रिडले मादी, वजन अठ्ठावीस किलो. तिच्या लांबीच्या मानानं दहा-बारा किलो तरी कमी. पोटाकडचं कवच आत गेलेलं, डोळे खोल. पाठीवर बार्नाकल इतके की कवचाचा रंग दिसेना. बार्नाकल म्हणजे समुद्रकाठच्या खडकावर पांढरे, खरखरीत, पायाला कापणारे शंकू असतात ना, ते. आणि मानेच्या घड्यांत, डोळ्यांच्या कडेला, शेपटीखाली जळवा. मी मोजायला लागले होते, साठच्या पुढं सोडून दिलं.

बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की या घाणीमुळंच कासव आजारी पडलं, ती खरवडून काढा म्हणजे बरं होईल. बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. धडधाकट कासव वेगानं पोहतं, बुड्या मारतं, त्याच्या अंगावर हे सगळं थोडंच टिकतं. ते आजारी पडलं, मंदावलं, आठवडेच्या आठवडे पाण्यावर तरंगत राहिलं की मग अंगावर वस्ती होते. पडक्या घरावर पिंपळ उगवतो तसं. घर पिंपळानं पाडलेलं नसतं. अर्थात पुढं मुळं भिंतीत शिरतातच. साठ-सत्तर जळवा रोज रक्त प्यायल्या तर आधीच अशक्त असलेलं जनावर उठायचं कुठून?

बाहेरच्या या पाहुण्यांवर उपाय अगदी गरिबाघरचा आहे. गोडं पाणी. बार्नाकल आणि या जळवा खाऱ्या पाण्यातल्या, गोड्या पाण्यात त्यांच्या अंगातलं मिठा-पाण्याचं गणित कोलमडतं. कासवाला मात्र दिवसभर गोडं पाणी सोसतं, उलट तहानलेलं असेल तर ते पितंही. एरवी ते अंगातलं जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. अंडी घालताना कासवीण रडते असं लोक म्हणतात ते हेच. तर टाकीत वीतभर गोडं पाणी, डोकं वर राहील असं, आणि कुणीतरी सतत जवळ. दुसऱ्या दिवशी जळवा तळाशी पडलेल्या होत्या. त्यांची अंडी कवचाला चिकटून राहतात, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तेच. बार्नाकल मेले की सैल होतात, तेव्हा हलक्या हातानं काढायचे. जिवंत असताना सुरीनं खरवडले तर कवचाचा तुकडा बरोबर येतो आणि हाताशी नवी जखम राहते.

याच वेळी एक प्रसंग झाला. मदतीला आलेल्या एका भल्या गृहस्थानं खिशातून बाटली काढली. आयव्हरमेक्टिन. "डॉक्टर, हे टोचा. आमच्या शेळ्यांचे गोचीड, पिसवा, जंत, सगळं एका सुईत जातं." त्याचं शेळ्यांपुरतं बरंचसं खरं होतं. जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून हे औषध निघालं, त्याच्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळालं, आणि दवाखान्यात माझ्या हाताला सगळ्यांत सवयीची बाटली तीच. पण कासवाला ती विष आहे. हे औषध जंतांच्या मज्जातंतूंवर काम करतं, त्यांना लुळं पाडतं. मेंढीच्या, गाईच्या मेंदूभोवती एक राखण असते, ती औषधाला आत शिरू देत नाही. कासवात ही राखण पुरेशी नाही. औषध मेंदूपर्यंत जातं, आधी पाय लुळे पडतात, मग श्वास. मी ती बाटली त्यांच्या खिशात परत ठेवली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं की कासवाला हे कुणीही, कधीही टोचायचं नाही. विहिरीतल्या कासवालाही नाही. घरात काचेच्या पेटीत तारांकित कासव पाळणारे काही जण असतात, त्यांनाही हेच. तसं ते पाळणं हा गुन्हा आहे, पण तो आजचा विषय नाही.

पुढचा प्रश्न आतल्या जंतांचा. त्या मादीनं नऊ दिवस विष्ठाच केली नाही. पोटात काही नव्हतं तर करणार काय? दहाव्या दिवशी मिळाली. पर्णकृमीची अंडी जड असतात, नेहमीच्या पद्धतीनं मिठाच्या पाण्यावर तरंगवून बघितली तर दिसत नाहीत. पाण्यात घोळायचं, गाळायचं, तळाशी बसू द्यायचं, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा तेच, आणि उरलेला गाळ भिंगाखाली. शिरवळच्या कॉलेजात मेंढ्यांच्या लेंड्यांवर मी हेच शेकडो वेळा केलं होतं. गाळात दोन्ही टोकांना लांब शेपट्या असलेलं अंडं दिसलं. पुस्तकात चित्र असतं अगदी तसं.

वनरक्षक शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सापडलं ना? मग द्या औषध." सरळ प्रश्न होता आणि माझ्याही मनात तोच होता. गोळ्या आणून ठेवलेल्या होत्या. पण रक्ताचा नमुना बघितला तर त्यातल्या लाल पेशींचा वाटा अकरा टक्के. निरोगी कासवात तो तिसाच्या घरात असतो. मेंढीच्या आतड्यातला जंत मेला की लेंडीबरोबर बाहेर पडतो. रक्तवाहिनीतला कृमी मेला तर जाणार कुठं? तिथंच सडणार, तिथंच गुठळी होणार, वाहत जाऊन फुप्फुसात बसणार. अकरा टक्के रक्तावर जगणाऱ्या जनावरानं हे झेपवायचं का? आणि थांबलो तर रोज नवी अंडी पडत राहणार. दोन्हीकडून धोका. असं कोडं मेंढीच्या बाबतीत सहसा येत नाही.

मी थांबायचं ठरवलं. सलाईन, साखर, जखमेसाठी प्रतिजैविक. त्यातही एक गंमत आहे. कासवाचं अंग थंड, सगळा कारभार संथ, त्यामुळं गाईला रोज टोचावं लागतं तसलं प्रतिजैविक कासवाला तीन दिवसांतून एकदा पुरतं. रोज टोचलं तर मूत्रपिंडावर बोजा. मग नळीनं माशाची पेज, आणि एक दिवस तिनं स्वतःहून तारली उचलली. त्या दिवशी त्या वनरक्षकानं आख्ख्या कार्यालयाला चहा पाजला. तीन आठवड्यांनी लाल पेशी एकोणीस टक्के झाल्या, वजन दीड किलोनं वाढलं. तेव्हा प्राझिक्वांटेल दिलं, वजनावर हिशेब करून, एकाच दिवसात तीन वेळा विभागून. पुढचे दोन दिवस ती तळाशी बसून होती, खाईना. मी दिवसातून चार फेऱ्या मारल्या आणि करण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी खायला लागली. महिन्याभरानं गाळात अंडी दिसली नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी, समुद्र निवल्यावर, तिला सोडलं.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच वर्षी एक लहान हिरवं कासव आलं, बाहेरून फार वाईट नव्हतं, नुसतं एका अंगावर कलंडून तरंगायचं. चौथ्या दिवशी मेलं. शवविच्छेदन केलं तेव्हा हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाडजूड झालेल्या, कापल्या तर करकरणाऱ्या, आणि आत कृमी. गोळ्यांची पाकिटं शेजारच्या टेबलावर होती. पहिल्या दिवशी दिल्या असत्या तरी त्या भिंती मऊ होणार नव्हत्या.

आता काल रात्रीच्या प्रश्नाकडं येते. आपल्या तुकडीतला शेवटच्या बाकावरचा एक मित्र, आज त्याच्याकडं दोनशे मेंढरं आहेत, त्यानं मला सगळ्यांच्या देखत विचारलं, "अगं, आमच्या मेंढरांना डॉक्टर मिळंना, आन् तू तिकडं कासवं धुतीस व्हय?" सगळे हसले. मला तो प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. तो खरा आहे. गावोगावचे दवाखाने रिकामे आहेत, मेंढपाळ जनावरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरतो, दवाखाना त्याच्या मागं जात नाही. कासवाला मात्र कायद्यानं वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, आणि त्याच्यासाठी फोन फिरतात. हे विषम आहे, मी नाही म्हणत नाही. वर्षातले तीनशे पन्नास दिवस मी गाई-शेळ्यांचंच करते, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल, आणि ते काही उत्तर नव्हे.

पण त्यानंच पुढं आणखी एक सांगितलं. त्याच्या कळपात पावसाळ्यानंतर जबड्याखाली पाणी उतरलेली मेंढरं निघतात. तो वर्षातून तीनदा जंताचं इंजेक्शन देतो, तरी मरतात. मी विचारलं, कोणतं? त्यानं नाव सांगितलं. आयव्हरमेक्टिन.

मित्रा, तुझ्यासाठी हे माईकवरून सांगते, कारण आणखी चार जणांच्या कामाचं आहे. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालतं, गोचिडांवर चालतं, पर्णकृमीला ते काहीही करत नाही. पैसे गेले, मेंढी गेली आणि पर्णकृमी आहे तिथंच. कालव्याच्या कडेला चरणाऱ्या कळपाला पर्णकृमीचं वेगळं औषध लागतं, ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोलसारखं, आणि तेही वजनावर. सगळ्यांना डोळ्यांच्या अंदाजानं सारखा डोस पाजला की मोठ्या मेंढीला कमी पडतो, आणि उरलेले जंत त्या औषधाला सरावतात. दवाखान्यात लेंड्या तपासायला दिल्यास तर एवढं आवर्जून सांग की गाळ बसवून बघा. नुसतं तरंगवून बघितलं तर गोल जंतांची अंडी दिसतील, पर्णकृमीची नाही, आणि कागदावर "नाही" असं येईल. पाणी उतरलेली सगळीच मेंढरं पर्णकृमीची नसतात, रक्त पिणाऱ्या गोल जंतानंही तसंच होतं. म्हणून आधी तपासायचं.

कोकणात सहलीला येणाऱ्यांसाठी दोन शब्द. किनाऱ्यावर कासव पडलेलं दिसलं तर ते "वाट चुकलंय" म्हणून उचलून समुद्रात ढकलू नका. अशक्त कासव खोल पाण्यात श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकावर नको. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा. दोरी अडकली असेल तर ओढू नका. आणि खिशात कसलीही बाटली असली तरी ती खिशातच राहू द्या.

माझ्या गाडीत सूक्ष्मदर्शक आहे. मुख्याध्यापकांना विचारलंय, उद्या सकाळी आठ ते साडेदहा प्रयोगशाळा उघडी राहील. ज्यांच्याकडं शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांनी सकाळच्या ताज्या लेंड्या आणाव्यात, आठ-दहा जनावरांच्या, वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर कोणती मेंढी ते लिहून. दोनशेच्या दोनशे नकोत. सर, तुमची ती पर्णकृमीची बाटली अजून कपाटात असेल तर तीही काढून ठेवा, आमच्या पोरांना दाखवता येईल.

वाढपी आता माझ्याकडं बघायला लागलेत. थांबते.